मध्यम किमतीची फिरकी

इंग्रजीत जिला 'फ्लाय रील' म्हणतात, त्या वस्तूला मराठीत नाव नाही. पतंगाच्या फिरकीशी तिचे नाते चुलत बहिणीचे, म्हणून मी तिला फिरकीच म्हणतो. फक्त डोंबिवलीत राहून "दहा हजारांच्या घरातली फिरकी घेतली" असे सांगितले, की ऐकणारा विचारतो, "तुम्ही घेतलीत, की दुकानदाराने तुमची घेतली?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून हे परीक्षण.

प्रथम या छंदाविषयी. आपल्या ओळखीच्या गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतात. इथे पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावतात. (रविवारी दिवसभर मी काय करतो, असे कोणी विचारले तर आमच्या घरातून "माश्या मारतात" असे उत्तर मिळते. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.) या माशीला वजन म्हणून नसते, त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकायची ती जाड, वजनदार दोरी. माशी तिच्या टोकाला धरून आपोआप जाते. आठ-बाराच्या लोकलमधून आपण दादरला उतरत नाही, उतरवले जातो, तसेच.

आता या खटाटोपात फिरकीचे काम काय? साधारण नव्वद फूट दोरी आणि तिच्याखाली बारीक दोऱ्याची पुरवणी गुंडाळून ठेवणे. मूठ एकदा फिरवली, की चकरी एकदाच फिरते. गळाच्या दुसऱ्या रिळांत दाते असतात, एका फेऱ्यात पाच-पाच वेढे बसतात. इथे जेवढे कष्ट तेवढेच फळ. महागाई भत्ता नाही. इंग्लंडातल्या हार्डी बंधूंनी १८९१ साली आपली 'परफेक्ट' फिरकी बाजारात आणली. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी मूळ बांधा तोच आहे. शिवाय मासा लहान असेल तर दोरी हातानेच ओढून घेतात. फिरकी बिचारी बघत राहते. संक्रांतीला गच्चीवर फिरकी धरून उभा राहणारा धाकटा भाऊ आठवा. पतंग काटला तर श्रेय दादाचे, मांजा गुंतला तर टपली याला!

मग दहा हजार कशाचे? ते ढिलीचे. मोठा मासा पळत सुटला, की दोरी सुटली पाहिजे, पण लगामी सुटली पाहिजे. दोन-अडीच हजारांच्या फिरकीत बहुधा एक दाता आणि एक स्प्रिंग एवढाच कारभार असतो. आवाज कर्रर्र असा झकास येतो, पण दोरी हिसक्याने सुटते आणि त्या हिसक्यात टोकाचा बारीक धागा तुटतो. त्यातून चकरी आणि चौकट यांच्यात फट राहिलेली असली, तर दोरी नेमकी तीतच शिरते. माझ्या फिरकीत चकत्या एकमेकींवर घासून दोरी अडवतात आणि पाणी शिरू नये म्हणून त्या बंदिस्त केलेल्या आहेत. चकरीचा गाभा रुंद, त्यामुळे दोरी भरभर गुंडाळली जाते आणि तिला कुरळेपणा कमी येतो. पन्नास हजारांच्या फिरकीत याहून जास्त मिळते ते हलकेपण, आणि चारचौघांत दाखवण्याची सोय.

दोषही सांगायला हवेत. ढिलीच्या बटणावर १ ते २० आकडे आहेत. पैकी ४ पर्यंत फरक कळतो. पुढचे सोळा छापणाऱ्याच्या हौसेचे वाटतात. मुठीचा स्क्रू ढिला होतो. काळा रंग दगडाला लागला की निघतो. आणि हे बटण पिशवीत स्वतःहून फिरते, ते कोणत्या दिशेला हे मात्र मुक्कामी पोचल्यावरच कळते.

परंतु खरी अडचण फिरकीत नाही, पाण्यात आहे. ठाणे तलावांचे शहर खरे, पण ही दोरी फेकायला आपल्या पाठीमागे तीस फूट मोकळी जागा लागते. तलावपाळीवर ती सापडणार कुठे? पाठीमागे भेळवाला, त्याच्यामागे गडकरी रंगायतनला निघालेले कुटुंब. पहिल्याच फेकीत कोणाचा तरी गजरा गळाला लागेल. ठाण्याच्या खाडीत २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ साली ते रामसर यादीतही गेले. तिथे आपण दुर्बीण न्यावी, गळ नेऊ नये. अभयारण्याबाहेर, खाडीच्या मचूळ पाण्यात बोय उड्या मारते, पण पिसांच्या माशीकडे ती ढुंकून पाहत नाही. कल्याणच्या उल्हासवर जलपर्णी. तेव्हा वांगणीकडे जावे. तिथे चिलापी मिळते. १९५२ साली आपल्या देशात आणलेला हा मूळचा आफ्रिकेतला मासा. माझ्या गळाला येणारी पावशेराची. ती तीन फूट पळते आणि मग विचार बदलते.

म्हणजे जिच्यासाठी पैसे मोजले ती ढील वापरायची कोणावर? हेन्री सलिव्हन थॉमस या साहेबाने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिले, त्यातला नायक महसीर. लोणावळ्याला वळवणच्या तलावापाशी टाटांनी १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्ले वाढवली. उल्हास उगम पावते तीही त्याच राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरात. तिथून निघालेली नदी आमच्यापर्यंत येता येता काय काय पोटात घालते, ते कारखान्यांना, नगरपालिकांना आणि आपल्या सगळ्यांच्या मोऱ्यांना ठाऊक आहे. फिरकी मोठ्या माशासाठी तयार आहे, नदी नाही.

तरीही निकाल असा: खाडीजवळ राहत असाल तर मधलीच घ्या. मचूळ पाणी स्वस्त फिरकीला एका पावसाळ्यात गंजवते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, ढील सैल करून ठेवा आणि किंमत विचारल्यास फक्त काठीची सांगा. मी नदीवर ढील ३ वर लावतो. २० पर्यंत जागा मोकळी आहे. नदीने विचार करावा.