मत, मन आणि नवस

सेमिनरीत लॅटिन शिकताना 'वोतुम' हा शब्द आम्ही प्रथम घोकला, तेव्हा 'देवाला दिलेले वचन' एवढाच त्याचा अर्थ पाठ केला होता. 'वोव्हेरे' म्हणजे नवस बोलणे, व्रत घेणे. त्या धातूचे हे नाम. इंग्रजीने या एकाच कुळातून व्हाउ, डिव्होशन, व्होटिव्ह आणि व्होट हे शब्द घेतले. धर्मभगिनींची व्रते, घरातील रोझरीची भक्ती, वांद्र्याच्या माउंट मेरीला वाहिलेले मेणाचे हातपाय आणि मतपत्रिकेवरील खूण ही शब्दांच्या नात्याने एकाच घरची भावंडे होत. 'वोतुम'चा अर्थ नवसाकडून इच्छेकडे आणि इच्छेकडून पसंतीकडे सरकत गेला व पंधराव्या शतकात तो इंग्रजीत निवडीचा शब्द झाला.

मराठीने 'व्होट'साठी 'मत' हा शब्द स्वीकारला. तो 'मन्' म्हणजे विचार करणे या धातूपासून आला. 'मन' हे त्याचे सख्खे भावंड. धातूंची गोष्ट निघाली की खानदेशच्या माणसाला धुळे आठवावे. 'मराठी धातुकोश' सिद्ध करणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२६ साली तेथेच देह ठेवला. मनाची गोष्ट निघाली की जळगावजवळचे आसोदे आठवावे. तेथल्या बहिणाबाई चौधरींनी अक्षरओळख नसताना मनाच्या चंचलपणावर जी कविता रचली, तिच्या तोडीच्या कविता मराठीत थोड्याच. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान २५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाले. ती निवडणूक चालू असतानाच, ३ डिसेंबरला, बहिणाबाई निवर्तल्या. त्यांच्यासारख्या निरक्षर पण विचारी अशा असंख्य स्त्रियांना मताचा अधिकार त्याच निवडणुकीने प्रथम दिला. अक्षर नसले तरी मन आहे, हे राज्यघटनेने मान्य केले. म्हणून 'मत' हा शब्द आम्हांला फार मोलाचा वाटतो.

असे असूनही भक्तीने मराठी मतपेटीची पाठ सोडलेली नाही. निकाल लागला की वर्तमानपत्रे 'जनतेचा कौल' म्हणतात; कौल हा मुळात देवाला लावायचा. उमेदवार 'मतांचा जोगवा' मागतात; जोगवा देवीच्या नावाने मागायचा. या दोन प्रयोगांना आमची हरकत नाही, कारण त्यांत मतदार दैवताच्या जागी आहे आणि पुढारी याचकाच्या. 'मतदान' या शब्दाविषयी मात्र आमची तक्रार आहे. दिलेल्या दानाचा हिशेब मागू नये, असा आपला संस्कार. दिलेल्या मताचा हिशेब तर पाच वर्षे मागायचा असतो.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. एका निवडणुकीच्या आदल्या दिवशी आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध बाई मिस्सानंतर थांबल्या. कोणी घरी येऊन पाचशे रुपये ठेवले होते आणि येशूच्या तसबिरीवर हात ठेवून त्यांना शपथ घ्यायला लावली होती. "फादर, शपथ मोडली तर पाप लागेल का?" एवढेच त्यांनी विचारले. पैशांविषयी त्या अवाक्षर बोलल्या नाहीत; तसबिरीला हात लावला, हेच त्यांना छळत होते. आम्ही घाईत होतो. "नाही लागणार, मावशी," एवढे सांगून निघालो.

उत्तर खरे होते, पण अपुरे होते. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार व्रत म्हणजे शक्य व अधिक चांगल्या गोष्टीचे, जाणूनबुजून व स्वेच्छेने देवाला दिलेले वचन. कपटाने, बळाने वा गंभीर भीती घालून घेतलेली शपथ मुळातच रद्द होते. सार्वजनिक हिताला बाधक अशा कृतीला शपथेने बळ येत नाही. तेव्हा मावशींना त्या शपथेचे बंधन नव्हतेच. पण शपथ सुटली म्हणून पैसे पचले असे होत नाही, हे सांगायचे आमच्याकडून राहून गेले. त्यांच्या मनाला न विचारता त्यांच्या मताची किंमत दुसऱ्यानेच ठरवली होती. पाप तेथे होते आणि त्यात त्यांचाही थोडा वाटा होता.

शपथ आणि मत एकत्र कसे यावे, याचा नमुना मे २०२५ मध्ये रोममध्ये दिसला. नव्या पोपमहोदयांच्या निवडीसाठी १३३ कार्डिनल जमले होते. मतपत्रिका पात्रात टाकण्यापूर्वी प्रत्येकाने ख्रिस्ताला साक्षी ठेवून सांगायचे असते की, देवासमोर जो योग्य वाटतो त्यालाच मी निवडत आहे. ही शपथ उमेदवाराशी इमान राखण्याची नव्हे. आपल्याच विवेकाशी इमान राखण्याची आहे.

इंग्रजी शब्दाने नवस जपला, मराठी शब्दाने मन जपले. आम्हांला दोन्ही हवेत. मात्र नवस देवालाच बोलावा. उमेदवाराला बोललेला नवस फेडण्याचे बंधन कोणावरही नाही. त्या मावशी आज हयात नाहीत. त्यांना अर्धवट दिलेले उत्तर आम्ही येथे पुरे करीत आहोत.