चित्रामागची रेघ

निन्टेन्डो डीएस हा हातात मावणारा कन्सोल 2004 साली बाजारात आला तो गेम खेळण्यासाठी. दोन पडदे, त्यातला खालचा स्पर्शाला दाद देणारा, आणि सोबत पेन्सिलीच्या तुकड्याएवढं प्लास्टिकचं स्टायलस. पडद्यावर आडवे 256 आणि उभे 192 ठिपके. तरीही या यंत्रावर आणि त्याच्या पुढच्या भावंडांवर जी चित्रं आणि चलतचित्रं झाली, ती वगळून डिजिटल चित्रकलेचा इतिहास लिहिता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे. या कलेची आजची अवस्था बघून वाईट वाटतं तेही त्यामुळेच. चित्रं आजही भरपूर निघतात. ती कशी झाली हे बघण्याची सोय मात्र एकेक करून नाहीशी होत गेली आहे, आणि तिच्याबरोबर शिकण्याचा मार्गही.

2007 मध्ये येन्स अँडरसन या स्वीडिश गेम-रचनाकाराने डीएससाठी ‘कलर्स!’ नावाचा चित्रकलेचा प्रोग्रॅम लिहिला. कंपनीच्या अधिकृत यादीबाहेरचा, हौसेने केलेला आणि फुकट वाटलेला. डीएसचा पडदा दाबावर चालायचा: वरचा पातळ थर स्टायलसने दाबला की तो खालच्या थराला टेकतो आणि यंत्राला जागा कळते. अँडरसनच्या प्रोग्रॅमने या रचनेतून दाब कमी की जास्त याचाही अंदाज काढला. हलक्या हाताची रेघ फिकी, जोर दिलेली गडद. ज्यासाठी लोक महागडे ग्राफिक टॅब्लेट घेत होते, ते शाळकरी पोराच्या खिशातल्या खेळण्यात आलं.

पण ‘कलर्स!’चं मोठेपण मला दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. त्याच्या फाइलमध्ये चित्रासोबत प्रत्येक फटकारा ज्या क्रमाने पडला तो क्रमही साठवला जायचा. चित्र सगळ्यांसाठी मांडलं की बघणाऱ्याला ते पहिल्या रेघेपासून पुन्हा होताना बघता यायचं. असं एखादं व्यक्तिचित्र लावून बघावं. आधी सगळ्या पडद्यावर मळकट तपकिरी रंग पसरतो. त्यावर जाड ब्रशने डोक्याचा नुसता गोळा, डोळ्यांच्या जागी दोन काळोखी खळगे. नाक एकदा बसतं, सरकतं, पुन्हा सरकतं. जवळजवळ पुरा झालेला कान अचानक पुसला जातो आणि अर्धा इंच खाली येतो. बुबुळावरचा जो पांढरा ठिपका तयार चित्रात सर्वांत आधी नजरेत भरतो, तो अगदी शेवटी पडतो. आणि तिथे थांबून पाहिलं तर तो पांढरा नसून निळसर राखाडी असतो, भोवतालच्या गडद रंगामुळे पांढरा भासणारा. एवढ्या एका गोष्टीत रंगांच्या परस्परसंबंधाचा पाठ आहे, आणि तो कुणी शब्दांत सांगितलेला नाही.

आपल्याकडे व्यक्तिचित्रणाच्या प्रात्यक्षिकांना गर्दी होते ती याच ओढीने. मॉडेल समोर बसतो, चित्रकार कोऱ्या कॅनव्हासपासून सुरुवात करतो, आणि मागे दाटीवाटीने बसलेले विद्यार्थी त्याच्या हातावरची नजर हलवत नाहीत. प्रदर्शनात भिंतीवरच्या चित्रासमोर तासभर उभं राहून जे कळत नाही, ते तिथे दहा मिनिटांत कळतं. ‘कलर्स!’ने हे प्रात्यक्षिक कुठल्याही गावातल्या, कुठल्याही कला महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या मुलापर्यंत नेलं.

याचे तोटेही झाले. प्रसिद्ध चेहरे आणि गेममधली पात्रं हुबेहूब उतरवण्याचा सोस वाढला, आणि गुळगुळीत छटा म्हणजेच प्रगती अशी समजूत रुजली. 2012 मध्ये डीएसच्या पुढच्या भावंडावर, थ्रीडीएसवर, अधिकृतपणे ‘कलर्स! थ्रीडी’ आलं. त्यात पाच थर वेगवेगळ्या खोलीवर रंगवता यायचे. या सोयीचं बहुतेकांनी काय केलं? पुढे माणूस, मागे झाड, त्यामागे डोंगर. खोली हा रचनेचाच भाग मानून काम करणारे, म्हणजे पुढच्या थरावर जवळजवळ काहीच न ठेवता त्या रिकाम्या अंतराला बोलू देणारे, विरळाच. तरी अशी चित्रं झाली, आणि तीही रेघ न् रेघ उलगडून बघता आली, हे महत्त्वाचं.

त्याआधीच दुसरं मोठं काम डीएसच्याच डीएसआय या आवृत्तीवर सुरू झालं होतं. ‘फ्लिपनोट स्टुडिओ’ जपानमध्ये 2008च्या डिसेंबरात आणि बाहेर 2009च्या ऑगस्टमध्ये आलं, तेही फुकट. वहीच्या कोपऱ्यात पानागणिक चित्र काढून ती फर्रकन उलटायची, हा आपल्या सगळ्यांचा मागच्या बाकावरचा उद्योग; त्याचं हे यंत्रावरचं रूप. जास्तीत जास्त 999 फ्रेम. कागद पांढरा किंवा काळा, त्यावर दोन थर, आणि दर थराला एकच रंग: लाल, निळा किंवा कागदाच्या उलटा. म्हणजे कोणत्याही क्षणी पडद्यावर कागदासकट तीनच रंग. या अडचणीतून मुलांनी ठिपक्यांच्या जाळ्यांनी छटा बनवल्या, रंग कमी म्हणून हालचालीवर जोर दिला, माइकवर आवाज घेऊन ओठांची हालचाल जुळवली. काड्यांच्या माणसांच्या मारामाऱ्या आणि गाण्यांवरच्या फिती यांचा सुकाळ झाला, त्यात सुमार काम पुष्कळ. पण उडी मारण्याआधी शरीर आक्रसतं, थांबताना कपडा अंगाच्या मागून येतो, या ऍनिमेशनच्या मूलभूत गोष्टी बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी एकमेकांचं बघून आत्मसात केल्या.

फ्लिपनोटच्या फाइलची घडण पाहिली तर हे कसं जमलं ते समजतं. क्योटोतल्या हातेना या कंपनीच्या सेवेवरून दुसऱ्याची फ्लिपनोट स्वतःच्या यंत्रात उतरवून घेता यायची, आणि मूळ कर्त्याने कुलूप लावलं नसेल तर फ्रेम उघडून बदलताही यायची. फाइलमध्ये तीन नावांसाठी जागा होती: मूळ कर्ता, ज्याच्याकडून ती आली तो, आणि आता बदल करणारा. चित्राची वंशावळ चित्राच्या पोटातच. नवख्याने मुरलेल्या हाताची धाव उचलावी, तिच्यात उडी घालावी, ती पुढे सोडावी, आणि पहिल्याचं श्रेय मात्र पुसलं जाऊ नये. सामायिक करणं आणि सुधारणं या दोन गोष्टी इतक्या साधेपणाने एकत्र बांधलेलं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

दाद द्यायला तिथे रंगीत तारे होते, आणि अभिप्राय स्टायलसने हाताने लिहून किंवा चित्र काढूनही देता यायचा. इथे माझी तक्रार आहे. ज्याला शब्दात सांगता येत नाही त्याने खांदा कुठे चुकला ते रेघ मारून दाखवावं, यासाठी याहून सोयीचं साधन नव्हतं. पण ते बहुतांशी वाहवा करण्यात आणि तारे मागण्यात खर्ची पडलं. कौतुकाने माणूस टिकतो, त्याचं चित्र सुधारेलच असं नाही. ज्या कामाला तारे मिळाले त्याच साच्याची शंभर कामं पुढच्या आठवड्यात निघायची, हे तेव्हाही दिसत होतं.

हातेनाची ही सेवा 31 मे 2013 रोजी बंद झाली. त्याआधीच निन्टेन्डोने ‘मीव्हर्स’ हे आपलं समाजमाध्यम सुरू केलं होतं, जे 2013च्या डिसेंबरात थ्रीडीएसवरही आलं. तिथे 320 बाय 120 ठिपक्यांच्या पट्टीवर निव्वळ काळ्या-पांढऱ्यात चित्र काढायचं. लोकांनी त्या पट्टीतून थक्क करणारी रेखाटनं काढली. पण बघणाऱ्याच्या हाती यायचं ते फक्त तयार चित्र. क्रम गेला, थर गेले, वंशावळ गेली. नोव्हेंबर 2017 मध्ये तेही संपलं.

‘ऍनिमल क्रॉसिंग’ या गेममधल्या नक्षीकामाची गोष्टही अशीच. 32 बाय 32 चौकटी आणि 15 रंग, एवढ्यात कपडे, गालिचे, चित्रं. 2020 मध्ये ‘न्यू होरायझन्स’ आलं, जग घरात कोंडलेलं होतं, आणि लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने आपल्या संग्रहातल्या चित्रांचं गेममधल्या नक्षीत रूपांतर करणारं साधन मोफत दिलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही आपल्या खुल्या संग्रहाची दारं अशीच उघडली. जगप्रसिद्ध चित्रं खेळातल्या भिंतीवर लागली, याचं अप्रूप खरंच. पण उतरवून घेतलेली दुसऱ्याची नक्षी तिथे बदलता येत नाही. 1024 चौकटींत रंग कसा बसवला हे उघडून, खोडून, पुन्हा बसवून बघायची मुभाच नाही. घ्या आणि लावा, एवढंच. चोरी थांबावी म्हणून हा नियम केला असेल तर फ्लिपनोटच्या तीन नावांनी तो प्रश्न आधीच अधिक चांगला सोडवला होता.

निन्टेन्डोच्या 2017च्या स्विच या कन्सोलबरोबर तर यंत्रच बदललं. पडदा मोठा आणि सुंदर, पण आजच्या फोनसारखा, बोटासाठी बनवलेला; सोबत स्टायलस नाही, दाबाची जाण नाही. अँडरसनच्या चमूने 2021 मध्ये ‘कलर्स लाइव्ह’ आणलं तेव्हा हेडफोनच्या भोकात वायर खोचून दाब ओळखणारं सोनारपेन त्यासोबत द्यावं लागलं. त्यातला ‘कलर्स क्वेस्ट’ हा भाग मला विशेष मोलाचा वाटतो. रोज एक विषय, ठरावीक वेळ, आणि मग त्याच विषयावर इतरांनी काय केलं ते समोर. एकाच विषयाची अनेक उत्तरं शेजारी ठेवली की स्वतःच्या चित्रातली उणीव आपोआप दिसते. मात्र वेगळं पेन घ्यावं लागणारी कला हौशी लोकांपुरती राहते. डीएसचं स्टायलस यंत्राच्या कुशीतच असायचं, म्हणून चित्र काढायचं मनातही नसलेल्या मुलाने ते काढलं. तो अपघाती चित्रकार आता या वाटेला येत नाही.

शिवाय 27 मार्च 2023 पासून थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान बंद आहे आणि 2024च्या एप्रिलमध्ये त्याच्या बहुतेक ऑनलाइन सेवाही थांबल्या. जे उरलंय ते चाहत्यांच्या हिमतीवर. ‘सुडोमेमो’ने हातेनाच्या जागी स्वतःची सेवा उभी केली आणि जुन्या डीएसआयवर नव्या फ्लिपनोट पुन्हा फिरू लागल्या. मीव्हर्सच्या नोंदीही स्वयंसेवकांनी बंद होण्यापूर्वी उपसून ठेवल्या. या लोकांचे उपकार मोठे आहेत. पण जतन करताना तयार प्रतिमा ठेवणं आणि मूळ फाइल ठेवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि घाईत बहुधा पहिलंच होतं. फ्लिपनोटचा व्हिडिओ करून ठेवला की थर गेले, कुलूप-किल्ली गेली, तिन्ही नावं गेली. ‘कलर्स!’च्या चित्राची नुसती प्रतिमा उरली तर सरकलेलं नाक आणि पुसलेला कान कायमचे गेले. ज्यांच्या कपाटात जुना डीएसआय किंवा थ्रीडीएस पडून असेल त्यांनी त्यातलं मेमरी कार्ड काढून आधी मूळ फाइलींची प्रत करावी, आणि ती प्रत या स्वयंसेवकांपर्यंत पोहोचवावी. ही कार्डं फार वर्षं टिकत नाहीत.