तारणहार कोणाचा?
भयपट आणि अतिमानवांच्या कार्टून मालिकांविषयी

भयपट आणि अतिमानवांच्या कार्टून मालिका मला आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. चळवळीशी नाते असलेल्या माणसाने अशी कबुली दिली की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. साहित्याचे प्राध्यापक मंद हसतात. त्यांच्या लेखी कलात्मक चित्रपट एका पंगतीला आणि भुताखेतांचे, मारामारीचे, पोराटोरांचे चित्रपट दुसऱ्या पंगतीला. कार्यकर्ते मित्र हसत नाहीत, रागावतात. वस्त्या जळत असताना तुला उडणाऱ्या माणसांच्या गोष्टी कशा सुचतात, असे ते विचारतात.

पहिल्या आक्षेपाला मी फारशी किंमत देत नाही. पंगती कोण मांडतो आणि कोणी कुठे बसायचे हे कोण ठरवतो, याचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे. तमाशाला आणि जलशाला याच अभिरुचीने वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवले होते. दुसरा आक्षेप मात्र मोलाचा आहे. त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. भयपट हा मुळात एका प्रश्नाभोवती फिरतो : या समाजात कोणाचे मरण मोजले जाते? अतिमानवाची गोष्ट दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरते : सामर्थ्य कोणाच्या हाती असावे आणि त्याने कोणाला जाब द्यावा? हे दोन्ही प्रश्न आपले आहेत. बहुतेक भयपट आणि बहुतेक अतिमानव या प्रश्नांची उत्तरे प्रस्थापितांच्या बाजूनेच देतात, हे मला मान्य आहे. परंतु अमेरिकेतील काळ्या कलावंतांनी याच तुच्छ मानलेल्या प्रकारांत शिरून ही उत्तरे उलटी केली. ती कशी केली, कुठवर केली आणि कुठे ती अडली, हे पाहणे मला आवश्यक वाटते.

१

१९६८ साली पिट्सबर्ग परिसरात जॉर्ज रोमेरो या तरुण दिग्दर्शकाने अत्यंत तुटपुंज्या पैशांत 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा कृष्णधवल चित्रपट काढला. मेलेली माणसे उठतात आणि जिवंतांना खातात, एवढीच गोष्ट. एका शेतघरात काही माणसे अडकतात. त्यांचे पुढारीपण बेन नावाचा तरुण करतो. ही भूमिका ड्युएन जोन्स या काळ्या नटाने केली. भूमिका काळ्या माणसासाठी लिहिली नव्हती. चाचणीत तो सर्वांत चांगला ठरला म्हणून त्याला घेतले, असे रोमेरो सांगत असत. मूळ संहितेतला बेन अडाणी ट्रकचालक होता. जोन्सने त्याची भाषा बदलून घेतली आणि बेन शांत, विचारी, सुशिक्षित झाला. नटाने मारलेली ही एक रेघ मला फार महत्त्वाची वाटते.

बेनच्या रंगाचा उल्लेख चित्रपटात कोणीही करत नाही. तरीही तळघरात जाण्याचा हट्ट धरणारा गोरा कुटुंबप्रमुख त्याच्याशी ज्या आवाजात भांडतो, तो आवाज आपल्याला ओळखीचा वाटतो. चित्रपट बेनची खुशामत करत नाही, हेही नोंदवले पाहिजे. तळघरात जाणे म्हणजे सापळ्यात जाणे असे तो ठासून सांगतो आणि शेवटी त्याच तळघरात त्याचा जीव वाचतो. रात्र संपते. सकाळी शेरीफची माणसे कुत्री आणि बंदुका घेऊन येतात. बेन खिडकीशी येतो. ते दुरून पाहतात, काही विचारत नाहीत, त्याला भूत समजून कपाळात गोळी घालतात. त्यानंतर पडदा हलायचा थांबतो. वर्तमानपत्रातल्यासारखी भुरकट स्थिरचित्रे एकामागून एक येतात : मांस ओढायचे आकडे, बेनचे प्रेत, लाकडांची रास, आग.

अमेरिकेत काळ्या माणसांना झाडाला टांगून, जाळून, प्रेताशेजारी उभे राहून छायाचित्रे काढण्याची रीत होती. ही शेवटची चित्रे त्या छायाचित्रांच्या जातीची आहेत. तयार प्रत मोटारीत घालून न्यू यॉर्ककडे जात असताना मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाची बातमी रेडिओवर ऐकली, अशी आठवण रोमेरो सांगत. रात्रभर भुतांशी लढून जो जगला, त्याला सकाळी माणसांनी मारले. भयपटाचा नेहमीचा नियम असा की उजाडले म्हणजे सुटका झाली. कोणाची सुटका, हे या चित्रपटाने विचारले.

एकोणपन्नास वर्षांनी, २०१७ साली, जॉर्डन पील या काळ्या दिग्दर्शकाने 'गेट आउट' काढला. ख्रिस नावाचा काळा तरुण आपल्या गोऱ्या प्रेयसीच्या घरी जातो. तिथली माणसे सुसंस्कृत आहेत, उदारमतवादी आहेत, आणि त्यांना त्याचे शरीर हवे आहे. सारे संपल्यावर ख्रिस रस्त्यावर उभा आहे, जखमी गोरी मुलगी शेजारी पडली आहे, आणि लांबून लाल-निळे दिवे येतात. इतर कोणत्याही भयपटात पोलिसांची गाडी आली की प्रेक्षक सुस्कारा सोडतो. इथे श्वास अडकतो. दार उघडते आणि आतून उतरतो तो ख्रिसचा मित्र. आधी चित्रित केलेल्या शेवटात खरोखरच पोलीस येतात आणि ख्रिस तुरुंगात जातो. पील यांनी तो शेवट बदलला. काही समीक्षकांना ही तडजोड वाटते. मला तसे वाटत नाही. दिवे दिसल्यापासून दार उघडेपर्यंतच्या त्या काही क्षणांत प्रेक्षकाने तुरुंगाचा शेवट मनातल्या मनात पाहिलेलाच असतो. बेनची सकाळ त्यात आहे.

२

आता अतिमानवांकडे वळू. सुपरमॅन १९३८ साली छापून आला. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही ज्यू स्थलांतरितांची मुले, राहणार क्लीव्हलंड. त्यांनी आपले हक्क अवघ्या १३० डॉलरना विकले. सुरुवातीचा सुपरमॅन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो, निष्काळजी खाणमालकाला त्याच्याच खाणीत कोंडतो. एका गोष्टीत तर तो सरकारने चांगली घरे बांधावीत म्हणून गलिच्छ वस्तीच पाडून टाकतो. हेतू उत्तम. पण वस्ती पाडायचे त्याने ठरवले, वस्तीने नव्हे. या एका गोष्टीत अतिमानवाचे सारे मोठेपण आणि सारा दोष एकत्र दिसतो. पुढे खाणमालक मागे पडले, परग्रहावरचे शत्रू पुढे आले, आणि सुपरमॅन व्यवस्थेचा रखवालदार झाला.

१९७० साली 'ग्रीन लँटर्न' या चित्रकथेत लेखक डेनिस ओनील आणि चित्रकार नील अ‍ॅडम्स यांनी एक प्रसंग घातला. एक म्हातारा काळा माणूस त्या महानायकाला गाठतो आणि विचारतो, तू निळ्या कातडीच्या लोकांसाठी राबलास, नारिंगी आणि जांभळ्या कातडीवाल्यांना मदत केलीस, मग काळ्यांसाठी काय केलेस? विश्वाचा रक्षक मान खाली घालतो. मला हा प्रसंग अतिमानवांच्या साऱ्या वाङ्मयाचा कणा वाटतो. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच याच चित्रकथेत जॉन स्ट्युअर्ट हा काळा ग्रीन लँटर्न आला. २००१ साली 'जस्टिस लीग' ही कार्टून मालिका सुरू झाली तेव्हा तिच्या कर्त्यांनी गोऱ्या ग्रीन लँटर्नऐवजी याच जॉनला घेतले. त्या मालिकेवर वाढलेल्या पुष्कळ मुलांना २०११च्या चित्रपटात गोरा ग्रीन लँटर्न पाहून नवल वाटले. ज्याला अपवाद म्हणून आणले होते, तो त्या मुलांच्या मनात मूळ झाला होता.

या साऱ्यामागे ड्वेन मॅकडफी या लेखकाचे नाव घेतलेच पाहिजे. १९८९ साली मार्व्हल कंपनीत असताना त्याने वरिष्ठांना एक उपहासाचा प्रस्ताव पाठवला : चाके लावलेल्या फळ्यांवरून घसरणाऱ्या काळ्या पोरांची एक टोळी काढू या. कारण उघड होते. कंपनीच्या चित्रकथांत काळा मुलगा आला की त्याच्या पायाखाली ती फळी ठरलेलीच. १९९३ साली त्याने सहकाऱ्यांसह 'माइलस्टोन' ही काळ्या कलावंतांची संस्था काढली. तिच्यातून आलेला 'स्टॅटिक' २००० ते २००४ या काळात 'स्टॅटिक शॉक' या नावाने दूरचित्रवाणीवर गेला.

स्टॅटिकचे खरे नाव व्हर्जिल हॉकिन्स. हे नाव उगाच ठेवलेले नाही. व्हर्जिल हॉकिन्स नावाच्या खऱ्या काळ्या माणसाने १९४९ साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या कायदा विभागात प्रवेश मागितला आणि रंगामुळे तो नाकारला गेला. तो वर्षानुवर्षे न्यायालयात लढला. १९५८ साली इतर काळ्या विद्यार्थ्यांसाठी दार उघडले, त्याला स्वतःला मात्र तिथे कधीच शिकता आले नाही. शिक्षणाच्या दारात अडवलेल्या या माणसाचे नाव शनिवारी सकाळच्या कार्टूनमधल्या पोराला दिले गेले. आपल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

या मालिकेतले सामर्थ्य देवाने दिलेले नाही, वडिलोपार्जित संपत्तीतून आलेले नाही. गोदीवर टोळ्यांची मारामारी चालू असते, पोलीस येतात, त्या गोंधळात एका उद्योगपतीच्या कंपनीचे घातक रसायन फुटते. जे श्वासावाटे ते घेतात त्यांना शक्ती मिळते. म्हणजे नायक आणि खलनायक एकाच वस्तीतले, एकाच अपघाताचे बळी. बॅटमॅन आपल्या हवेलीतून रात्री शहरात उतरतो. व्हर्जिल आपल्या शाळेतल्या, आपल्या गल्लीतल्या पोरांशी झुंजतो. त्याची परिचारिकेसारखे काम करणारी आई दंगलीत जखमींना मदत करताना मारली गेली आहे, बाप वस्तीचे समाजकेंद्र चालवतो. रात्री जग वाचवून आलेल्या या पोराला घरी उशिरा आल्याचा जाब द्यावा लागतो. जाब द्यावा लागणारा अतिमानव, हे या मालिकेचे खरे यश.

तिचे अपयशही झाकू नये. एका भागात व्हर्जिल आपल्या गोऱ्या मित्राच्या घरी मुक्कामाला जातो आणि मित्राच्या बापाचे काळ्यांविषयीचे बोलणे त्याच्या कानावर पडते. तो मुकाट्याने निघून जातो. हा क्षण अत्यंत खरा आहे. पण पुढे दोन्ही बाप एकत्र मुलाचा शोध घेतात आणि भाग संपेपर्यंत गोऱ्या बापाचे मन वितळते. पिढ्यान्‌पिढ्यांचा द्वेष वीस-बावीस मिनिटांत विरघळतो, ही दूरचित्रवाणीची सोय आहे. हृदयपरिवर्तनाची ही गोळी आपल्यालाही फार वेळा दिली गेली आहे.

३

'जस्टिस लीग'चा २००३ सालचा एक दोन भागांचा खेळ मी विद्यार्थ्यांना आवर्जून पाहायला सांगतो. दुसऱ्या एका विश्वात खलनायक राष्ट्राध्यक्ष झाला आहे. तिथला सुपरमॅन त्याला ठार मारतो आणि मग त्याचे साथीदार जगाचा कारभार हाती घेतात. गुन्हे थांबतात, रस्ते स्वच्छ होतात. आणि खानावळीत बिलावरून तक्रार करणाऱ्या एका सामान्य माणसाला पोलीस उचलून नेतात. एवढ्याशा प्रसंगात मुलांच्या कार्टूनने हुकूमशाहीची व्याख्या केली आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी जो इशारा दिला, तो इथे आठवतो. धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणातली भक्ती मात्र अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असे ते म्हणाले होते. माणूस कितीही मोठा असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवायचे नाही. अतिमानवांच्या साऱ्या गोष्टी या कसोटीवर घासून पाहाव्यात, असे मला वाटते.

२०१८चा 'ब्लॅक पँथर' या कसोटीवर मला अर्धाच उतरलेला दिसतो. काळ्यांचे वैभवशाली राज्य, काळा दिग्दर्शक, काळे नट, याचा आनंद मी नाकारत नाही. परंतु जगभरच्या काळ्यांना शस्त्रे द्यावीत म्हणणारा किलमाँगर खलनायक ठरतो आणि अमेरिकी गुप्तहेर मित्र ठरतो. किलमाँगर ऑकलंडचा. १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला तो याच शहरात. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले ते त्या पक्षावरून. मरताना किलमाँगर कैद नाकारतो आणि गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात उड्या टाकणाऱ्या पूर्वजांची आठवण काढतो. चित्रपटातले सर्वांत खरे वाक्य ज्याच्या तोंडी आहे, त्याला चित्रपट मारतो. मग राजा ऑकलंडमध्ये मदतकेंद्र उघडतो. प्रश्न किलमाँगरचा, उत्तर राजाचे. १९३८च्या सुपरमॅनने वस्ती पाडली होती, या राजाने वस्तीत केंद्र काढले. वस्तीला विचारले दोघांनीही नाही.

४

आता रागावलेल्या कार्यकर्ता मित्राला उत्तर. या साऱ्या गोष्टी बाजारातला माल आहेत, त्यांचे हक्क बड्या कंपन्यांकडे आहेत, त्यातून क्रांती होणार नाही. हे सगळे खरे. पण बेनला गोळी घालणाऱ्याने आधी त्याच्यात भूत पाहिले होते. बंदूक उचलण्यापूर्वी नजर तयार होते, आणि ती नजर गोष्टींतून तयार होते. आपल्याकडच्या भुतांनाही जात आहे. मुंजा आणि ब्रह्मसमंध यांची कुळे ठरलेली आहेत. संकट नेहमी गावकुसाबाहेरून येते, आणि गावकुसाबाहेर कोण राहत होते हे सांगायला नको. त्या गोष्टी तिथून, बाहेरून, अजून कोणी सांगायच्या आहेत.

आपल्या लेखकांनी आत्मकथनात, कवितेत जे केले ते भयकथेत आणि पोरांच्या चित्रकथेत का करू नये? निळ्या अंगरख्यातला आपला सुपरमॅन मला नको आहे. त्या म्हाताऱ्यासारखा, आकाशातून उतरलेल्या प्रत्येक तारणहाराला थांबवून 'आमच्यासाठी काय केलेस?' असे विचारणारा माणूस हवा आहे. आणि सकाळी खिडकीशी आलेल्या माणसाला गोळी घालण्यापूर्वी हाक मारून विचारणारी गोष्ट हवी आहे.