जोडलेली माणसे

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात अकरा मुंडकी, वीस-बावीस हात, पायांच्या काही जोड्या आणि एका योद्ध्याची नुसती छाती आहे. दिवाळीच्या साफसफाईत हा डबा दर वर्षी सापडतो आणि "ही तुमची यमपुरी आता टाकून देऊ का?" असा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो. मी नाही म्हणतो. पण का नाही, हे घरात मला कधी पटवून देता आलेले नाही. संपादकांनी यंदा आवडीच्या कलाकृतीवर लिहायला सांगितले तेव्हा वाटले, घरात जे जमले नाही ते छापून पाहावे. एखाद्या चित्रावर वा कादंबरीवर लिहिले असते तर ते वाचकांना अधिक सोयीचे झाले असते, हे मी जाणतो. परंतु गेल्या वर्षभरात माझ्या मनातून जी कलाकृती हलली नाही ती पावणेचार इंच उंचीची आहे आणि प्लॅस्टिकची आहे. त्याला माझा इलाज नाही.

ती ज्या प्रकारात मोडते तो आधी सांगितला पाहिजे. कारखान्यात बनलेली, हौशी लोक संग्रहासाठी घेतात ती लढवय्यी बाहुली खोलायची. एकाचे डोके, दुसऱ्याचा हात, तिसऱ्याचे पाय जमवायचे. फटीत लुकण भरायचे, कानशीने घासायचे, रंग द्यायचा आणि बाजारात कोठेही न मिळणारा असा एक माणूस उभा करायचा. हा उद्योग मूळचा अमेरिकेतला. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' नावाचा बारा इंची सैनिक विकायला काढला. मुलगे बाहुली विकत घेणार नाहीत या धास्तीने तिला 'ॲक्शन फिगर' हे भारदस्त नाव देण्यात आले. मराठीला ही अडचण पडली नसती. आपल्याकडे बाहुलीला बाहुला आहेच, आणि तो भातुकलीच्या लग्नात मुकाट्याने उभाही राहतो.

या कलेचा खरा प्रारंभ मात्र १९८२ सालचा मानावा लागेल. त्या वर्षी हॅस्ब्रोने हा सैनिक पावणेचार इंचांवर आणला आणि त्याच्या पाठीत एक स्क्रू बसवला. तो स्क्रू काढला की छाती आणि पाठ शिंपल्यासारखी उघडते. डोके आणि दोन्ही हात मोकळे होतात. आणि आत दिसते ते एक काळे रबरी कडे. पायांच्या जोडीला असलेल्या आकड्यात हे कडे अडकवलेले असते, ते कमरेच्या तुकड्यातून वर येऊन छातीतल्या खुंटीला धरते. सबंध माणूस त्या ताणावर उभा असतो. रबर जुने झाले की एके दिवशी ते तुटते आणि शूर शिपाई कमरेतून दोन होऊन पडतो. वापरून कंबर गेली, असे आपण माणसांविषयी म्हणतो ते येथे अक्षरशः खरे आहे.

मजेची गोष्ट अशी, की डोकी बदलण्याची ही विद्या छांदिष्टांनी शोधलेली नाही. काटकसरी कारखानदाराने शोधली. साचे महाग म्हणून पहिल्याच वर्षी एकच दाढीवाले डोके ब्रेकर, क्लच आणि रॉक अँड रोल अशा तिघांच्या खांद्यांवर बसवण्यात आले. रंगाचा खर्च वाचावा म्हणून एक बाहुला नखशिखान्त काळाच ठेवला. तो स्नेक आइज. पुढे सगळ्यांत लाडका झाला तो हाच, बिनचेहऱ्याचा! मॅटेल कंपनीच्या 'ही-मॅन'ची हकीकत अशीच आहे. रॉजर स्वीट या तिथल्या आरेखकाने 'बिग जिम' नावाच्या जुन्या बाहुल्यावर माती थापून त्याला पिळदार केले आणि ते नमुने वरिष्ठांपुढे ठेवले. त्याचा वाघही बिग जिमच्याच साच्यातून आलेला. पुढे १९८३ साली याच कंपनीने ही-मॅनचे शरीर निळे केले, त्यावर खलनायक स्केलेटरचे चिलखत नारिंगी करून चढवले आणि त्याचे नाव ठेवले फेकर, म्हणजे तोतया. उरल्यासुरल्या मालातून केलेल्या माणसाला याहून प्रामाणिक नाव मिळणे कठीण. या तोतयाकडे मला पुन्हा यायचे आहे.

आपल्याकडे हे सैनिक आले ते गोव्याहून. १९८७ साली सुरू झालेल्या फनस्कूल कंपनीने ते तेथल्या कारखान्यात बनवले. साचे परदेशचे, पण रंग आणि काही वेळा अवयवांची जुळणीही आपली. अमेरिकेत कुणी पाहिले नसतील असे पिवळे-निळे शिपाई त्यामुळे निपजले, आणि आज तिकडचे संग्राहक ते मुद्दाम शोधतात. माझ्या डब्यातला बराच माल या गोमंतकीय पलटणीचा आहे.

आता मुद्द्याकडे येतो. या छंदातले लोक एकमेकांच्या कामाची वाखाणणी करतात ती बहुधा एकाच गोष्टीसाठी : सांधा दिसत नाही! ही कसोटी मला मान्य नाही. सांधा लपवणे हे कसब आहे, कला नव्हे. पिकासोने १९५१ साली एक बबून माकडीण घडवली. तिचे तोंड म्हणजे त्याच्या मुलाच्या खेळण्यातल्या दोन मोटारी, पोटाला पोट लावून जोडलेल्या. वरच्या मोटारीची काच म्हणजे डोळे. दोन मोटारींमधली फट म्हणजे ओठ. तेथे सांधा लपलेला नाही. मोटार मोटारच दिसते आणि माकडीणही माकडीणच दिसते, आणि दोन्ही एकाच वेळी दिसतात यातच त्या शिल्पाचा सारा आनंद आहे. उलट टोकाचे उदाहरण आपल्या देवघरातच आहे. गजमुख मानवी धडावर बसले त्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण गणपतीकडे पाहताना कुणाच्या मनात कधी सांधा येतो काय? ते मुख त्या तुंदिल तनूचेच आहे, दुसरे कुठले त्याला शोभलेच नसते, अशीच आपली प्रतीती असते. म्हणजे सांधा दिसो वा न दिसो. जोडलेल्या अवयवांना एकमेकांची गरज निर्माण झाली की नाही, हे पाहायचे.

मर्ढेकरांनी लयीची तीन तत्त्वे सांगितली : संवाद, विरोध आणि समतोल. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यांचे सौंदर्यशास्त्र मला सगळे पचले आहे असे मी म्हणणार नाही. पण या बाहुल्यांपुढे बसलो की ती तीन नावे उपयोगी पडतात. पुण्यातल्या एका परिचितांनी मला त्यांचा सर्वांत मोलाचा बाहुला दाखवला होता. जपानी सामुराईचे धड, यंत्रमानवाचे डोके, एक हात पंजाचा, पाठीवर पंख. रंगकाम असे, की भिंगातून पाहावे. मी भिंगातून पाहिलेही. आणि तरी तो बाहुला दुसऱ्या दिवशी मला आठवेना. त्यात विरोधच विरोध होता. प्रत्येक अवयव 'मला पाहा' म्हणत होता आणि उभे कुणीच नव्हते. शिवाय डोके मोठ्या बाहुल्याचे, त्यामुळे मापही चुकलेले. आपल्या मूर्तिशास्त्रात नवतालाचे मान आहे : उंची मुखाच्या नऊपट. ते प्रत्येक ठिकाणी पाळावे असे नाही. ही-मॅनसारखा ठेंगणा गडी ते धाब्यावर बसवून उभा आहे. पण मोडायचे तर ते कशासाठी मोडले हे दिसायला हवे.

यापेक्षा अवघड प्रश्न आहे तो हाताचा. या सर्व बाहुल्यांच्या मुठी अर्धवट वळलेल्या असतात, कारण त्यांनी बंदूक धरायची असते. डोके बदला, पोशाख बदला, रंग बदला. मूठ बंदूकच मागत राहते. जगभरातल्या अशा बाहुल्यांची शेकडो छायाचित्रे मी पाहिली आहेत. बहुतेकांनी एक बंदूक काढून दुसरी दिली आहे, फार तर तलवार. या मुठीचे करायचे काय, हा प्रश्न ज्याला पडला तो माझ्या मते कारागिराच्या पुढे गेला.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला तो पडला. हा मुलगा चित्रकलेत बेताचा होता. आता तो पंप आणि मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरी करतो, आणि माझ्या शिपायांच्या कमरेची रबरी कडी गेली काही वर्षे तोच पुरवतो. मागच्या दिवाळीत तो फराळाला आला तो खोक्यातून एक बाहुला घेऊनच. एस. टी.चा कंडक्टर. म्हणाला, "सर, बाबा केलेत."

उजवा हात वर गेलेला. मुठीत घंटीची दोरी. दोरी साध्या जाड दोऱ्याची, वर एका वाकवलेल्या तारेला बांधलेली. बस नाही, प्रवासी नाहीत. फक्त ती दोरी आणि तिला धरून किंचित झुकलेले शरीर. बंदुकीसाठी वळवलेली ती मूठ दोरीवर अशी बसली आहे, की ती मुळात त्यासाठीच ओतली असावी. त्या झुकण्यातून गाडी वळणावर आहे हे कळते. धड एका वाळवंटी शिपायाचे, कारण त्याचा रंग खाकीच्या जवळचा. कातडी पिशवी घड्याळाच्या जुन्या पट्ट्यातून कापलेली. टोपी गळक्या नळाला लावतात त्या एम-सीलची. दोन गोळ्या एकत्र मळायच्या आणि घट्ट होण्याआधी घाईने आकार द्यायचा. डोळे त्याने रंगवलेच नाहीत. टोपीखाली नुसती सावली ठेवली. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी कसबी हातावरच सोपवतात. आपला हात तेवढा नाही हे या मुलाने ओळखले, आणि त्याच्या या माघारीने चेहऱ्याला जे आले ते भल्याभल्यांच्या आखणीने आले नसते.

आणि मान डावीकडे कललेली. १९८५ सालापासून या सैनिकांच्या मानेत गोळा आला, त्यामुळे डोके नुसते फिरत नाही, कलतेही. त्याने खाच थोडी घासून ते आणखी कलवले होते.

ती मान मी ओळखली. त्याच्या वडिलांच्या गाडीने मी सहा वर्षे शाळेत गेलो. बसलेल्या उतारूकडे ते मान डावीकडे कलवून पाहात. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक कंडक्टर आहे. ही मान मी त्याला दिली. तो उरलेले पैसे परत न देणारा, लबाड इसम आहे, आणि त्याची कलती मान हे त्याच्या लबाडीचे लक्षण म्हणून पुन्हा पुन्हा येते. वाचकांना तो आवडला. एका परीक्षणात त्याला जिवंत म्हटले होते, ते कात्रण मी जपून ठेवले आहे.

या छंदात एक रीत आहे. बाहुला दाखवताना त्याबरोबर त्याची कृती सांगायची : डोके कुणाचे, हात कुणाचे, पाय कुठले. पाककृतीसाठी जो शब्द तोच हे लोक वापरतात. मराठीत तर कृती म्हणजे कलाकृतीही. माझ्या विद्यार्थ्याने चिठ्ठीवर कृती लिहून आणली होती. डोके, धड, हात, पाय, सगळ्यांपुढे मूळ बाहुल्याचे नाव. आणि शेवटची ओळ : "मान – सरांच्या कादंबरीतल्या कंडक्टरची."

मी विचारले, "तू वाचलीस?" तो म्हणाला, "बाबांनीही वाचली होती सर. त्यांना उजव्या कानाने ऐकू यायचे नाही. बसलेल्या माणसाचे ऐकायला डावा कान खाली न्यावा लागायचा." यात तक्रारीचा सूर नव्हता. तो चिवड्यातले दाणे वेचत होता.

कादंबरीकार आपल्या माणसांची कृती कधी देत नाही. नाक आत्याचे, खोकला हेडमास्तरांचा, दारिद्र्य आपले स्वतःचे. सगळे जोडून, वर रंग देऊन आम्ही 'सर्व पात्रे काल्पनिक' अशी पाटी लावतो. ती पाटी म्हणजे आमचे लुकण. मी हे पाप आहे असे म्हणत नाही. दुसरा माल आणायचा कुठून? पण समीक्षक म्हणून माझ्याच कंडक्टरकडे पाहिले तर तो मला आता फेकरसारखा दिसतो. एका सच्च्या माणसाचा अवयव मी त्याचे कारण न विचारता उचलला आणि तयार साच्यातल्या लबाडावर बसवला. सांधा दिसला नाही, म्हणून कुणी हटकले नाही. त्या मानेला त्या धडाची गरज नव्हती, आणि त्या मुलाने ती जिथली होती तिथे नेऊन बसवली.

हे सगळे मी त्याला बोललो नाही. बोललो ते बुटांविषयी. कारण त्या बाहुल्यात एक उणीव आहे आणि ती सांगायलाच हवी. कमरेपर्यंत तो कंडक्टर आहे. गुडघ्यांखाली अजून शिपाईच आहे. पोटऱ्या फुगीर, बूट लष्करी, आणि त्यांवर दिलेला तपकिरी रंग इतका चकचकीत, की नजर दोरीवरून घसरून तिथेच जाते. दिवसभर गाडीत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बुटांवर अशी चकाकी कुठून असणार? त्याने बाहुला हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "पाय दुसरे घालावे लागतील, सर."

मग आम्ही दोघांनी डबा जमिनीवर उपडा केला. पायांच्या तीन जोड्या लावून पाहिल्या. तिसरी, एका सडपातळ वैमानिकाची, कमरेत नीट बसली. कडे त्याच्या खिशात होतेच. बूट नव्याने रंगवून आणतो म्हणून तो बाहुला घेऊन गेला आहे. जोडी मी दिली, ते त्याने तिथेच चिठ्ठीवर लिहून घेतले. डबा तेवढा हलका झाला. घरात ते अजून कुणाच्या लक्षात आलेले नाही.