दशावतारातील सेनापती

दशावतारी खेळाविषयी लिहिणारे अभ्यासक आरंभीच्या संकासुरापाशी बराच वेळ रमतात आणि त्यानंतरच्या आख्यानाविषयी 'यातील संवाद उत्स्फूर्त असतात' एवढेच सांगून लेखणी आवरती घेतात. हे विधान खोटे नव्हे. पण त्याने प्रश्न सुटत नाही, उलट तेथेच तो उपस्थित होतो. खेळापूर्वी रंगपटात आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात, आणि मृदंगावर थाप पडताच एकजण राजा होतो, दुसरा त्याचा सेनापती. लिखित संहिता कोणापाशीच नसते. मग राजाने दिलेली आज्ञा सेनापतीने पाळावी हे ठरविले कोणी? नाटककाराने म्हणावे, तर येथे नाटककारच नाही.

पेडणे व डिचोली या भागात ज्याला धयकालो म्हणतात, त्या खेळात हा प्रश्न कीचकाच्या आख्यानात विशेष तीव्र होतो. कीचक हा विराटाचा मेहुणा आणि सेनापतीही. सैन्य त्याच्या मुठीत, राजा केवळ नावाचा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' रंगभूमीवर आणले, तेव्हा विराटाचे दौर्बल्य त्यांनी शब्दांत पक्के बांधून दिले होते. प्रेक्षकांनी कीचकात कर्झन ओळखला आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. जे लिहिलेले आहे त्यावरच अशी बंदी घालता येते. धयकाल्यातील कीचक रोज रात्री नव्याने घडतो, आणि तो किती उद्दाम असावा हे त्या रात्रीचा विराट व त्या रात्रीचा कीचक मिळून ठरवितात.

काही वर्षांपूर्वी पेडण्याकडील एका जत्रेत पाहिलेला प्रसंग येथे सांगतो. विराट झालेला नट नवखा होता, कीचक मुरलेला. राजाने बाकावर बसून आज्ञेस आरंभ केला आणि मध्येच त्याचे शब्द सरले. क्षणभर पेटीचा सूरच तेवढा राहिला. अशा वेळी मुरलेल्या नटाने प्रसंग आपल्या हाती घ्यावा, दोन टोले हाणून हशा मिळवावा, हे सोपे होते. त्याने तसे केले नाही. तो जरुरीपेक्षा अधिक वाकला, आणि 'महाराजांच्या मनात हेच आहे ना?' असे विचारीत राजाची अर्धी राहिलेली आज्ञा त्याने स्वतःच पूर्ण करून राजालाच परत दिली. विराटाने मान हलविली. त्या एका लवण्याने नवख्या नटाची लाज राखली गेली. आणि त्याच लवण्याने या राज्यात आज्ञा कोणाची चालते हेही मांडावरच्या शेवटच्या माणसाला कळले. सहकाऱ्याविषयीचे सौजन्य आणि धन्याविषयीची मग्रुरी एकाच कृतीत सामावणे, हे लिहिणाऱ्यालाही क्वचितच साधते. माझ्या मते दशावताराची रचना शोधावयाची ती येथे. आज्ञा देणाऱ्याच्या भाषणात नव्हे, ती घेणाऱ्याच्या वागण्यात.

या नटांपाशी संहिता नसली तरी महाभारत असते, आणि महाभारताने सेनापतिपदाचे पेच किती बारकाईने मांडले आहेत! भीष्म सेनापती असेतो मी शस्त्र धरणार नाही, असे कर्ण म्हणतो आणि दहा दिवस युद्धाबाहेर राहतो. शल्य कर्णाचे सारथ्य पत्करतो ते मनास येईल ते बोलण्याची मुभा मागून घेऊनच. म्हणजे लगाम हाती घेईन, जीभ मात्र माझी. कीर्तन-पुराणे ऐकत वाढलेल्या नटास या अटी पाठ असतात. शब्द तेवढे त्याचे.

आमच्या शाळेतील मुले हल्ली संगणकावरील खेळात दूरदूरच्या अनोळखी खेळाडूंसह पलटणी उभारतात. तेथेही भूमिका घ्यावयाची, हुद्दा घ्यावयाचा आणि संवाद जागच्या जागी रचावयाचे. एक विद्यार्थी तक्रार करीत होता, "सर, हुकूम कोणी ऐकतच नाही. सगळ्यांनाच कर्नल व्हायचे असते." मला त्याचे नवल वाटले नाही. त्याच्या खेळात सगळेच खेळाडू, प्रेक्षक कोणीच नाही. धयकाल्यात समोर बसलेल्या म्हाताऱ्यास कीचकाचा अधिकार कोठपर्यंत आणि विराटाचा कोठून, हे लहानपणापासून ठाऊक असते. कारणावाचून मर्यादा सोडणाऱ्या सेनापतीला तो तेथल्या तेथे नापसंती दाखवितो. शिस्त मांडावर राहते ती या जाणकारीमुळे.

अलीकडे ट्रिकसीनचा सोस वाढला आहे. तेथे नट राजाकडे पाहत नाही, दिव्याकडे पाहतो. दिवा पेटेपर्यंत त्याला वाक्य लांबवावे लागते. तेवढ्यापुरती राजाची आज्ञा यंत्राकडे जाते. संवाद आधी लिहून काढावेत असेही काहीजण सुचवितात. लिहिण्यास माझा विरोध नाही, पण 'जशी आज्ञा' हे शब्द कागदावर उतरतील. सेनापती किती वाकला, ते उतरणार नाही.

म्हणून अकादमीने आख्याने संग्रहित करावयाची ठरविल्यास माझी एकच सूचना आहे. कीचकाचे एकच आख्यान पेडण्यात दोन रात्री व डिचोलीत दोन रात्री, निरनिराळ्या नटांकडून झालेले, चित्रफितीसह नोंदवावे; आणि छापताना त्यातील एकास प्रमाण पाठ न मानता चारही पाठ शेजारी शेजारी छापावेत.