लावलेले पत्ते पिसताना

कुपवाडमधील एखाद्या माध्यमिक शाळेने आपले संकेतस्थळ तयार केले आणि त्यावर विद्यार्थ्यांचे विज्ञान प्रकल्प, परिसरातील विहिरींच्या पाण्याच्या नोंदी, औद्योगिक वसाहतीतील ओतशाळांची माहिती असा मजकूर ठेवला, असे समजू. सुरुवातीचे काही दिवस ते शोधयंत्रात सापडतच नाही. मग एके दिवशी ते पहिल्या पानावर झळकते. शिक्षकखोलीत पेढे वाटले जातात. पंधरवड्याने पाहावे तर ते पाचव्या पानावर गेलेले असते, आणि मधल्या काळात मजकुरातील एक अक्षरही बदललेले नसते. हा अनुभव सार्वत्रिक आहे आणि त्याभोवती समजुतीही भरपूर उगवल्या आहेत. कोणी म्हणतो, यंत्र नव्यांना शिक्षा करते. कोणी म्हणतो, जाहिरातीचे पैसे न भरल्याने असे होते. आणि यावर हमखास उपाय विकणाऱ्यांचा तर एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला आहे.

या चढउताराचा गणिती विचार करणारा एक निबंध २००५ साली नॉर्वेतील ट्रॉन्हाइम येथे भरलेल्या, मोठ्या विदासंचांविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला गेला. लावून ठेवलेला पत्त्यांचा जोड पुन्हा पिसणे, असा त्याच्या शीर्षकाचा आशय. संदीप पांडे, सौराशीष रॉय, ख्रिस्तोफर ऑल्स्टन, जंघू चो आणि सौमेन चक्रबर्ती हे त्याचे लेखक. यांपैकी चक्रबर्ती हे पवईच्या आयआयटी मुंबईतील प्राध्यापक. निबंधाची कल्पना इतकी साधी आहे की नववीच्या वर्गात ती सहज सांगता येईल. तिचा दोष मात्र पहिल्या वाचनात नजरेतून सुटतो. म्हणून वीस वर्षांनंतर तिचे परीक्षण करण्यासारखे आहे.

प्रथम रोग समजून घेऊ. १९९८ च्या फेब्रुवारीत सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून महानगरपालिका झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या स्टॅनफर्डच्या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्या शोधयंत्राचा निबंध सादर केला. त्यांच्यापाशी तेव्हा सुमारे २ कोटी ४० लाख पाने होती. पानावर एखादा शब्द किती वेळा आला एवढेच न मोजता, त्या पानाकडे इतर कोणती पाने बोट दाखवतात हे त्यांनी मोजले. प्रत्येक दुवा म्हणजे एक शिफारस. शिफारस करणारे पान आपले वजन त्याच्यावरील सर्व दुव्यांमध्ये समान वाटते. त्या वाट्याला ०.८५ ने गुणायचे आणि प्रत्येक पानाला मुळात मिळणारे ०.१५ त्यात मिळवायचे.

आता आपल्या शाळेचे पान घ्या. त्याकडे एकही दुवा नाही, म्हणून त्याचे वजन ०.१५. समजा, जिल्ह्यातील शाळांची यादी देणाऱ्या एका जुन्या पानाचे वजन ६ आहे आणि त्यावर तीनच दुवे आहेत, पैकी एक आपला. आपल्या वाट्याला २ येतात. दोनाला ०.८५ ने गुणून ०.१५ मिळवले की १.८५ होतात, म्हणजे वजन बारापटीहून अधिक वाढले. पुढच्या महिन्यात त्या यादीत आणखी सत्तावीस शाळा आल्या. आता दुवे तीस, वाटा ०.२ आणि आपले वजन ०.३२. शाळेने काही चांगले केले नाही, काही बिघडवलेही नाही. तरी ती चढली आणि पडली! क्रमवारी ही वस्तूच्या अंगची मोजणी नसून इतरांशी असलेल्या नात्याची मोजणी आहे, हे विद्यार्थ्यांना पटवण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरे.

सांगलीच्या बाजारातील हळदीच्या सौद्यात शेतकरी नवा असला तरी खरेदीदार त्याची हळद हातात घेऊन पाहतो आणि मग भाव बोलतो. शोधयंत्राची पद्धत मूलतः याच्या उलट होती. आधी किती जणांनी घेतली यावर ते हळदीची प्रत ठरवत होते. अलीकडे, विशेषतः २०१९ पासून, ही यंत्रे वाक्यांचा अर्थही काही प्रमाणात पारखू लागली आहेत हे खरे, पण आधीच्या गिऱ्हाइकांची साक्ष त्यांनी सोडलेली नाही. अमेरिकेत गूगलविरुद्ध चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी पांडू नायक यांनी २०२३ साली साक्ष दिली. लोकांनी शोधनिकालांवर मारलेल्या टिचक्यांची तेरा महिन्यांची नोंद वापरणारी नॅवबूस्ट नावाची प्रणाली क्रमवारीत महत्त्वाचे काम करते, हे तेथे उघड झाले.

येथे संख्याशास्त्र आडवे येते. समजा, आपले पान खरोखर असे आहे की ते ज्यांना दिसेल त्यांतील सरासरी १० टक्के लोक त्यावर टिचकी मारतील. यंत्राने ते वीस जणांना दाखवले. अपेक्षा दोन टिचक्यांची. पण वीसपैकी एकानेही टिचकी न मारण्याची शक्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे १२ टक्के. उलट चार किंवा त्याहून अधिक टिचक्या मिळण्याची शक्यता सुमारे १३ टक्के. म्हणजे अगदी एकसारख्या दर्जाच्या आठ शाळांपैकी साधारण एक निरुपयोगी ठरते आणि एक दुप्पट गुणांची. यंत्राने पुढच्या वीस जणांवर पुन्हा प्रयोग केला की पारडे फिरते. नव्या पानाचे वरखाली होणे हे बऱ्याच अंशी हेच आहे. तेथे बक्षीसही नाही आणि शिक्षाही नाही, अपुऱ्या नमुन्यावर केलेला अंदाज आहे. तेच पान दोन हजार जणांना दाखवले तर टिचक्या बहुधा १७३ ते २२७ च्या दरम्यान येतील आणि अंदाज स्थिरावेल.

पण दोन हजार जणांना दाखवणार कोण? यंत्र वरच्या क्रमांकावर तेच दाखवते ज्याला पूर्वी टिचक्या मिळाल्या, आणि टिचक्या त्यालाच मिळतात जे वर दिसते. कॉर्नेल विद्यापीठात थॉर्स्टन जोआखिम्स यांच्या गटाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शोधनिकालांचा क्रम मुद्दाम उलटा केला, तरीही लोक वरच्यालाच झुकते माप देत राहिले. जंघू चो आणि सौराशीष रॉय यांनी त्याआधीच, २००४ मध्ये, दाखवून दिले होते की लोक केवळ शोधयंत्रावर विसंबून पाने पाहू लागले तर नव्या चांगल्या पानाला लोकांपर्यंत पोचायला फार म्हणजे फारच जास्त काळ लागतो. आम्हा संशोधकांना हे परके नाही. ज्या निबंधाचे संदर्भ अधिक दिले जातात त्यालाच पुढे अधिक संदर्भ मिळतात, आणि रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच या प्रकाराला बायबलमधील मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरून नाव दिले होते.

यावर २००५ च्या निबंधाचा उपाय आहे सोडत. ज्या पानांकडे अद्याप कोणी पाहिलेलेच नाही त्यांचा एक वेगळा ढीग करायचा. क्रमवारीतील दर दहा जागांपैकी सुमारे एक जागा त्या ढिगातून चिठ्ठी काढून भरायची. पहिला क्रमांक तेवढा अबाधित ठेवावा असे वाटले तर दुसऱ्यापासून सुरुवात करावी. सर्वच जागा सोडतीने भरल्या तर वाचकाला कचरा वाचावा लागेल. मुळीच सोडत नसेल तर उत्तम पान पुरलेलेच राहील. थोडी सोडत ठेवली तर एकंदर वाचकांचा फायदा होतो, हे लेखकांनी गणिताने आणि संगणकावरील अनुकरणाने दाखवले. मला यातील सर्वांत मोलाची गोष्ट अशी वाटते की लेखकांनी नव्या पानावर दया दाखवा असे म्हटलेले नाही. हित वाचकाचेच आहे, फक्त ते आजच्या वाचकाचे नसून उद्याच्या वाचकाचे आहे. आजच्या वाचकाने एक टिचकी वाया घालवायची, म्हणजे उद्याच्याला चांगले पान मिळेल. हा हिशेब एवढ्या स्वच्छपणे मांडलेला मी क्वचितच वाचला आहे.

आता दोष. लेखकांनी आपल्या सूचनेची प्रत्यक्ष चाचणीही घेतली. विनोद आणि सुभाषितवजा वचने यांचे एक संकेतस्थळ उभारून नऊशेहून अधिक वाचकांना ते ४५ दिवस वापरू दिले. सोडत असलेल्या गटात ‘हसू आले’ असा कौल मिळण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी जास्त निघाले. आकडा भरघोस आहे, पण विनोद ही चाचणीसाठी फारच सोयीची वस्तू आहे. विनोदाचा दर्जा वाचता क्षणी कळतो, आणि वाचणाराच त्याचा अंतिम परीक्षक असतो. हळदीच्या कंदकुजीवर काय उपाय करावा, किंवा ग्रहणात गर्भवतीने बाहेर जावे की नाही, या प्रश्नांच्या पानांचे तसे नाही. येथे वाचक पानावर येतो तोच मुळी त्याला उत्तर माहीत नसते म्हणून. खोटे पण ठासून सांगणारे पान त्याला पटते आणि तो समाधानाने परत जातो. त्याची टिचकी नोंदली जाते. सोडतीने संधी दिली, पण निकाल लोकांच्या पसंतीवरच सोपवला, आणि पसंती म्हणजेच दर्जा हे गृहीत निबंधात अखेरपर्यंत तपासले गेले नाही. माझ्या मते हा निबंधाचा सर्वांत मोठा उणेपणा आहे, आणि लेखकांइतकाच तो या विषयातील पुढच्या बऱ्याच कामाचाही आहे.

दुसरा दोष व्यवहाराचा. सोडत आहे असे कळले की लबाड माणूस एक चिठ्ठी टाकत नाही, हजार टाकतो. नवी पाने निर्माण करणे जवळजवळ फुकट असते. आता तर यंत्रेच मजकूर लिहून देतात. त्यामुळे नवेपणाला सवलत दिली की तिचा पहिला लाभ प्रामाणिक शाळेला न होता अशा कारखान्यांना होतो. शोधकंपन्या नव्यांकडे संशयाने पाहतात ते याचसाठी. नव्या स्थळांना काही काळ अडवून ठेवले जाते असा बोलबाला अनेक वर्षे होता आणि गूगलचे प्रतिनिधी तो नाकारत आले. २०२४ च्या मे महिन्यात कंपनीच्या अंतर्गत तांत्रिक नोंदी बाहेर फुटल्या. नव्या कचरा-स्थळांना वेगळे ठेवण्यासाठी स्थळाचे वय वापरण्याचा उल्लेख त्यांत आढळला. अर्थात नोंदीत उल्लेख असणे आणि ते आज त्याच रीतीने वापरात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गूगलला २०१२ मध्ये मिळालेल्या एका एकस्वाबाबतही हाच सावधपणा ठेवावा. त्यात म्हटले आहे की पानात बदल झाल्यावर त्याचा क्रमांक सरळ नव्या जागी न नेता मधल्या काळात मुद्दाम अनपेक्षितपणे हलवावा, म्हणजे क्रमवारीशी खेळणाऱ्याला आपल्या कोणत्या कृतीचा काय परिणाम झाला ते कळणार नाही. ही युक्ती वापरात असेल तर वरखाली होण्याचा काही भाग चक्क हेतुपुरस्सर ठरतो, आणि उपाय विकणाऱ्यांची पंचाईत होते ती वेगळीच!

तिसरी गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. निबंधातील सारे गणित मुबलक वाचक गृहीत धरते. इंग्रजीतील एखाद्या लोकप्रिय प्रश्नाला दोन हजार वाचक एका सकाळीत मिळतील. मराठीत, तेही कुपवाडच्या विहिरींविषयी, तेवढे मिळायला वर्षेही लागू शकतील. नॅवबूस्टची तेरा महिन्यांची खिडकी तोवर पुढे सरकून गेलेली असेल. म्हणजे लहान भाषेतील पान नवेपणाच्या अस्थिर अवस्थेतून बाहेरच पडत नाही, ते कायमचे नवे राहते. त्यातून आणखी एक अडचण उद्भवते. कुपवाड हे नाव बहुतेक ठिकाणी सांगली-मिरज-कुपवाड अशा जोडनावात तिसरे येते, आणि एका कान्याच्या फरकाने काश्मीरमधील कुपवाडा होते. शब्दलेखन सुधारून देऊ पाहणाऱ्या यंत्राला अधिक शोधला जाणारा शब्दच बरोबर वाटण्याचा धोका येथे उघड आहे. यावर मला सुचणारा मार्ग सोडतीहून वेगळा आहे. जेथे वाचक थोडे तेथे टिचक्यांना कमी वजन द्यावे आणि जाणत्या स्थळांच्या दुव्यांना जास्त. वाई येथे सिद्ध झालेला मराठी विश्वकोश, विद्यापीठे, विज्ञान संस्था यांनी शाळांच्या चांगल्या पानांकडे दुवे दिले, तर पेजरँकचे जुने गणितही आपल्या उपयोगी पडेल. असे दुवे देण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही, हा माझ्या मते यंत्रापेक्षा आपलाच दोष अधिक.

हे सर्व वर्गात संगणकाशिवाय करून पाहता येते. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली ४८ अपरिचित गाण्यांवर १४,३४१ लोकांचा प्रयोग प्रसिद्ध केला. आधीच्यांची पसंती दिसणारे आठ स्वतंत्र गट केले, तर तीच गाणी वेगवेगळ्या गटांत वेगवेगळ्या क्रमांकांवर गेली. आपण दोन तुकड्या घ्याव्यात. ‘आकाश निळे का दिसते’ यावर मुलांकडून वीस छोटी स्पष्टीकरणे लिहून घ्यावीत आणि त्यांच्या एकसारख्या दोन याद्या भिंतीवर लावाव्यात. प्रत्येक मुलाने वरची तीनच वाचावीत आणि एकाला खूण करावी. दर पाच मुलांनंतर खुणांप्रमाणे यादी पुन्हा लावावी. दुसऱ्या तुकडीत तिसरी जागा प्रत्येक वेळी न वाचलेल्यांतून चिठ्ठी काढून भरावी. वीसपैकी एक स्पष्टीकरण शिक्षकांनी स्वतः लिहावे, भाषा सुबक पण विज्ञान चुकीचे, उदाहरणार्थ समुद्राचे प्रतिबिंब पडल्यामुळे आकाश निळे दिसते असे. ते कोणत्या तुकडीत किती वर जाते याची नोंद ठेवावी. कागदांवर मुलांची नावे मात्र घालू नयेत, नाहीतर वर्गनायकाचे स्पष्टीकरण पहिल्याच फेरीत वर जाऊन बसेल.