लॉस सेद्रोसचा निकाल: जंगल जिंकलं, पण कशाच्या जोरावर?

‘निसर्गाचे हक्क’ या विषयावर सिनॉप्सिस लिहायला घेतला की एक वाक्य हमखास येतं: निसर्गाला कायदेशीर हक्क दिले तर त्याचं संरक्षण होईल. आधार म्हणून एक्वादोरच्या राज्यघटनेचं नाव येतं, आणि अलीकडे तिथल्या लॉस सेद्रोसच्या निकालाचं. वाक्य ऐकायला छान आहे, पण गृहीतक म्हणून फारच ढोबळ आहे. हा निकाल नीट वाचला तर तो हे वाक्य सिद्ध करत नाही. तो वेगळं काहीतरी सांगतो, आणि रिसर्च करू पाहणाऱ्याला ते जास्त उपयोगाचं आहे. त्यात एक कच्चा दुवाही आहे. या पोस्टमध्ये दोन्ही बघूया.

प्रकरण काय होतं

लॉस सेद्रोस हे एक्वादोरच्या वायव्येला, अँडीज पर्वताच्या उतारावरचं जंगल. प्रांत इंबाबुरा, तालुक्यासारखा भाग कोताकाची. वर्षातला बराच काळ ढगांत बुडालेलं. चष्मेवालं अस्वल, अत्यंत संकटग्रस्त असलेली स्पायडर मंकीची एक उपजात, ऑर्किडच्या असंख्य जाती, आणि कातडीचा पोत काही मिनिटांत बदलणारा एक बेडूक, ज्याची शास्त्रीय नोंद 2015 साली झाली. जंगलात एक संशोधन केंद्र आहे आणि देशोदेशीचे अभ्यासक तिथे वर्षानुवर्षं येऊन नोंदी करत आलेत.

2017 मध्ये सरकारी खाण कंपनी ‘एनामी’ला इथे तांबं आणि सोनं शोधण्यासाठी ‘रिओ मागदालेना’ नावाचे दोन पट्टे मिळाले. एक कॅनडियन कंपनी भागीदार होती. पट्ट्यांनी जंगलाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग व्यापला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पर्यावरण मंत्रालयाने प्राथमिक शोधकामाला नोंदणी दिली. लक्षात घ्या, खाण अजून खोदायची होती. परवानगी फक्त शोधण्याची होती.

कोताकाचीची नगरपालिका कोर्टात गेली. आधी अर्ज फेटाळला गेला, मग 2019 मध्ये प्रांतिक न्यायालयाने स्थानिकांना विचारलं नाही एवढाच मुद्दा मान्य केला. शेवटी घटनात्मक न्यायालयाने प्रकरण हातात घेतलं आणि 10 नोव्हेंबर 2021 रोजी निकाल दिला. निसर्गाचे हक्क, पाण्याचा हक्क, निरोगी पर्यावरणाचा हक्क, आणि पर्यावरणाबद्दल लोकांशी सल्लामसलत करण्याची तरतूद, या सगळ्यांचं उल्लंघन झालंय असं न्यायालयाने म्हटलं. नोंदणी आणि पाण्याचे परवाने रद्द झाले. लॉस सेद्रोसमध्ये खाणकामच काय, निसर्गाच्या हक्कांना धोका पोचवणारं कुठलंही उत्खनन चालणार नाही, असा आदेश आला.

निकाल चांगला का आहे

आपण सहसा घटनेच्या 71 व्या अनुच्छेदाबद्दल वाचतो. निसर्गाच्या अस्तित्वाचा मान राखला जावा आणि कोणीही व्यक्ती किंवा समुदाय त्यासाठी दाद मागू शकतो, असं तो सांगतो. पण निकालाचं खरं काम 73 व्या अनुच्छेदाने केलंय. प्रजाती नष्ट होण्याकडे, परिसंस्था उद्ध्वस्त होण्याकडे नेणाऱ्या गोष्टींवर शासनाने आधीच खबरदारीचे उपाय करावेत आणि निर्बंध घालावेत, असा त्याचा आशय.

म्हणजे प्रश्न ‘निसर्गाला हक्क आहे का’ हा नव्हताच. तो 2008 च्या सार्वमतानेच सुटला होता. प्रश्न होता की अनिश्चिततेचा भार कोणी उचलायचा. शोधकामाने नेमकं काय नुकसान होईल हे ठामपणे कोणालाच सांगता येत नव्हतं. नेहमीच्या खटल्यात याचा फायदा कंपनीला मिळतो: नुकसान होईल असं सिद्ध करा, नाहीतर काम चालू राहील. इथे न्यायालयाने तराजू उलटा धरला. नुकसान गंभीर आणि भरून न येणारं असण्याची शक्यता आहे, विज्ञानाला खात्री नाही, मग थांबणं हे शासनाचं कर्तव्य आहे. या ठिकाणाचा खास अभ्यास न करता दिलेली नोंदणी पुरेशी नाही.

दुसरी चांगली गोष्ट. लॉस सेद्रोस ‘संरक्षक वन’ होतं, राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रांच्या यादीत नव्हतं. त्या यादीतल्या भागांत उत्खननावर घटनेच्या 407 व्या अनुच्छेदाने बंदी आहे, पण अपवादाची वाटही ठेवली आहे. लॉस सेद्रोसला ती ढालसुद्धा नव्हती. नकाशावरची रेघ नसतानाही जंगलाला हक्क असतात, हे न्यायालयाने दाखवून दिलं.

तोच अनुच्छेद, उलटा निकाल

आता याच देशाच्या आग्नेय टोकाला जाऊया. कोर्दियेरा देल कोंदोर ही डोंगररांग जैवविविधतेत लॉस सेद्रोसच्या तोडीची आहे आणि शुआर आदिवासींचं घर आहे. चिनी मालकीच्या कंपनीने तिथे ‘मिरादोर’ ही तांब्याची उघडी खाण आणली. 2013 मध्ये संघटना निसर्गाच्या हक्कांसाठी कोर्टात गेल्या आणि हरल्या. प्रकल्प संरक्षित क्षेत्राला धक्का लावत नाही, असं न्यायाधीशांचं म्हणणं. शिवाय निसर्ग वाचवू पाहणाऱ्यांचं हित खाजगी आणि कंपनीचं काम मात्र सार्वजनिक हिताचं ठरवलं गेलं. 2019 पासून मिरादोरमधून तांबं निघतंय.

घटना तीच, अनुच्छेद तेच. मग बदललं काय? एक उत्तर सरळ आहे: न्यायाधीश बदलले. मिरादोरचा वाद खालच्या आणि प्रांतिक कोर्टातच संपला. लॉस सेद्रोसचं प्रकरण 2019 मध्ये नव्याने घडलेल्या घटनात्मक न्यायालयासमोर आलं. हे उत्तर बरोबर आहे, पण एवढ्यावर थांबू नका. कोंदोरमधल्या जीवसृष्टीची पाहणी 1990 च्या दशकातच झाली होती, म्हणजे तिथे माहिती नव्हती असंही नाही. फरक असा की 2013 मध्ये त्या माहितीला कोणी काही विचारलंच नाही.

आणखी एक गंमत बघा. 2011 मध्ये एक्वादोर सरकारनेच निसर्गाच्या हक्कांचा आधार घेऊन एस्मेराल्दास प्रांतात विनापरवाना सोनं काढणाऱ्यांची यंत्रं लष्कराकडून उडवून दिली. छोट्या बेकायदा खाणीविरुद्ध शासन निसर्गाचं वकील होतं, आणि मोठ्या परवानाधारक खाणीच्या वेळी विकासाचं. घटनेतच याचं मूळ आहे. तीच घटना निसर्गाला हक्क देते आणि तीच जमिनीखालची खनिजं शासनाच्या मालकीची ठरवते. त्यामुळे ‘हक्क दिले की संरक्षण होईल’ या वाक्यातला ‘की’ फार काही गिळून बसलाय.

कच्चा दुवा

आता निकालावरचा माझा मुख्य आक्षेप. खबरदारीचं तत्त्व अज्ञानासाठी आहे. जिथे आपल्याला माहीत नाही, तिथे थांबा, असं ते सांगतं. पण लॉस सेद्रोसच्या बाबतीत ते लागू झालं, कारण तिथे खूप काही माहीत होतं. कोणत्या प्रजाती संकटात आहेत, त्यातल्या कोणत्या जगात दुसरीकडे क्वचितच सापडतात, कोणता बेडूक अजून कालपरवा ओळखला गेलाय, हे सगळं न्यायालयासमोर मांडता आलं. अज्ञान सिद्ध करायलाही ज्ञान लागतं.

मग ज्या डोंगरावर संशोधन केंद्र नाही, ज्याची वनस्पतींची यादीसुद्धा धड झालेली नाही, त्याचं काय? तत्त्वानुसार तिथे अनिश्चितता जास्त, म्हणजे खबरदारीही जास्त हवी. व्यवहारात होतं उलटं. माहिती नसलेला डोंगर कागदावर ‘रिकामा’ दिसतो आणि रिकाम्या जागेला परवाना पटकन मिळतो. निकालात या जंगलाच्या असाधारणपणावर इतका भर आहे की साधारण डोंगराने काय करावं हे कळत नाही. हक्क जर अस्तित्वामुळे मिळत असेल, तर तो दुर्मीळ असण्यावर अवलंबून का असावा? माणसाला मूलभूत हक्क देताना आपण त्याचं वेगळेपण तपासत नाही.

याला उत्तर असं दिलं जातं की एक पायंडा पडला की बाकीचे मागून येतात. तसं काही अंशी झालंही. मार्च 2023 मध्ये त्याच कोताकाचीतल्या युरिमाग्वा प्रकल्पाचे परवाने प्रांतिक न्यायालयाने रद्द केले. पण तिथेही नामशेष समजला गेलेला एक बेडूक 2016 मध्ये पुन्हा सापडला होता. म्हणजे वाट तीच आहे, आणि ती पुन्हा कोणाच्या तरी नोंदवहीतूनच जाते.

नियमगिरीचा रस्ता

भारतात तुलना करायची तर 2013 चाच निकाल घ्या. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरातलं बॉक्साइट वेदान्तच्या कारखान्यासाठी काढायचं होतं. 18 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोंगरिया कोंधांच्या धार्मिक आणि वनहक्कांचा प्रश्न ग्रामसभांनी ठरवावा. बाराच्या बारा ग्रामसभांनी ‘नाही’ म्हटलं. इथे निसर्गाला एकही हक्क नव्हता. 2006 च्या वनहक्क कायद्याने माणसांना हक्क होते, आणि त्या माणसांसाठी डोंगर हा नियमराजा होता.

दोन्ही डोंगर वाचले. लॉस सेद्रोसची बाजू अभ्यासकांच्या नोंदींनी सांगितली, नियमगिरीची तिथे राहणाऱ्यांनी. दोन्ही रस्त्यांना भगदाड आहे: पहिल्यात अभ्यासक नसले तर डोंगर मुका, दुसऱ्यात लोक नसले किंवा दबावाखाली ‘हो’ म्हणाले तर डोंगर गेला. म्हणून ‘कोणता चांगला’ यापेक्षा ‘या डोंगराच्या वतीने कोण बोलतं आणि त्याचं ऐकलं का जातं’ हा प्रश्न जास्त टिकाऊ आहे.

याच प्रश्नावर उत्तराखंड उच्च न्यायालयाचे 2017 चे निकाल अडखळले. गंगा-यमुना आणि नंतर हिमनद्यांना कायदेशीर व्यक्ती ठरवलं, पण पालक म्हणून नेमले मुख्यत्वे सरकारी अधिकारी. जे परवाने देतात तेच पालक. गंगा-यमुनेच्या निकालाला तर सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या जुलैत स्थगिती दिली. एक्वादोरमध्ये कोणीही दाद मागू शकतो, आणि लॉस सेद्रोससाठी ती एका नगरपालिकेने आपल्याच देशाच्या मंत्रालयाविरुद्ध मागितली. हा फरक ‘व्यक्तिमत्त्व’ या शब्दापेक्षा मोठा आहे.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

समजा तुम्ही गडचिरोलीतल्या सुरजागडच्या लोहखनिजावर काम करायचं म्हणताय. ‘भारतात निसर्गाला हक्क द्यावेत का’ असा प्रश्न घेतलात तर तीन वर्षांनी निबंध तयार होईल, थिसिस नाही. त्याऐवजी विचारा: परवानगीच्या कागदांत त्या डोंगरावर काय आहे असं लिहिलंय, ते कोणी मोजलं, किती दिवसांत, आणि ‘माहीत नाही’ असं कुठे लिहिलंय का? ग्रामसभेत बोललं गेलेलं त्या कागदांत कोणत्या शब्दांत उतरलं? हे प्रश्न छोटे आहेत, पण कोर्टात नेमके तेच विचारले जातात.

निकाल वाचताना आदेशापासून सुरुवात करू नका. आधी बघा, न्यायालयाने कोणती वस्तुस्थिती मान्य केली आणि ती कोणाच्या पुराव्यावरून. मग बघा, शंकेचा फायदा कोणाला दिला. लॉस सेद्रोस, मिरादोर आणि नियमगिरी हे तिन्ही निकाल या दोन प्रश्नांनी वाचा आणि प्रत्येकाचं उत्तर एका परिच्छेदात लिहून काढा. जे शेतावर-रानात जाऊन बेडूक, गवत, झरे मोजणार आहेत त्यांनी आपल्या डेटात एक रकाना जास्तीचा ठेवा: काय शोधलं पण सापडलं नाही, आणि काय शोधायला वेळच मिळाला नाही. गाईडला तो रकाना कदाचित फालतू वाटेल. उद्या एखाद्या डोंगराच्या फाइलमध्ये अनिश्चितता दाखवायला तोच एक कागद असू शकतो.